धुडकूनानांची केळी

धुडकूनानांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते माझं फाउंटन पेन उकळत होते.

धुळ्याच्या त्या इस्पितळातला माझा पहिलाच दिवस होता. ऑपरेशन थिएटर कसं आहे ते बघून ठेवावं म्हणून मी दार ढकलून आत गेलो. टेबलावर मांडलेली अवजारं वाकून पाहायला लागलो, तर खिशातलं पेन सुटलं आणि ट्रेमध्ये पडलं. कोपऱ्यात पांढरी टोपी घातलेला, पन्नाशी ओलांडलेला एक सडपातळ माणूस उभा होता. लांब चिमट्यानं त्यानं ट्रेमधली अवजारं एकेक करून उचलली, उकळत्या पाण्याच्या पेटीत सोडली, आणि शेवटी तितक्याच गंभीरपणे माझं पेनही सोडलं.

"अहो, ते माझं पेन आहे!"

"होतं," तो म्हणाला. "आता ते ट्रेमधलं शे. ट्रेमधलं सगळं उकळायचं."

दोन मिनिटांत पाणी निळं झालं. मग त्यानं पेटी रिकामी केली, घासली, नवं पाणी भरलं आणि सगळं पुन्हा वीस मिनिटं उकळलं. त्या दिवशीचं ऑपरेशन पाऊण तास उशिरा सुरू झालं. मोठ्या सरांनी कारण विचारलं तेव्हा नानांनी एवढंच सांगितलं, "नवे डाक्टर आले."

पेन बाहेर आलं ते वाकून. बरोबर केळ्याच्या आकाराचं झालं होतं. मी डॉक्टर झालो तेव्हा वडिलांनी अमळनेरच्या बाजारातून ते मला घेऊन दिलं होतं. नानांनी ते उजेडात धरून फिरवून पाहिलं आणि माझ्या हातात ठेवलं. "आता बिनधास्त लिहा," ते म्हणाले. "कोणाला पू होणार नाही."

साठच्या दशकाचा शेवट होता. हाउस सर्जन म्हणून मी धुळ्याला आलो होतो, पण ही माझी पहिली सुरुवात नव्हती, दुसरी होती. त्याआधी सहा महिने मी पुण्याच्या एका मोठ्या इस्पितळात काढले होते. तिथल्या प्रमुखांनी एके दिवशी हातातली कात्री खाली ठेवायला लावली आणि चारचौघांत सांगितलं, "तुमचं पाठांतर चांगलं आहे. पण हे हात सर्जनचे नाहीत." त्यांचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. माझा हात थरथरायचा. टाका एकीकडे आणि मी दुसरीकडे, असं व्हायचं.

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. वडील तेलाच्या कारखान्यात कामाला. त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं की आमचा पोरगा ऑपरेशनचा डॉक्टर होतोय. त्यांना मी कळवलं, की धुळं घराजवळ आहे म्हणून तिकडे बदलून घेतलं. ते खोटं होतं, पण त्यांना त्याचा आनंदच झाला.

मोठे सर म्हणजे धुळ्याच्या आमच्या सर्जरी विभागाचे प्रमुख. ते फार कमी बोलत. माझे कागद पाहून त्यांनी विचारलं, "पुणं सहा महिन्यांत का सोडलं?" मी घराचं कारण सांगितलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्या हातांकडे पाहिलं. "ठीक. इथे पहिल्या पायरीपासून. दसऱ्यापर्यंत एक केस स्वतःच्या हातानं करून दाखवा. नाहीतर मेडिसिनच्या वॉर्डात जागा आहे. तिकडे हात लागत नाहीत." मग दाराकडे जाता जाता म्हणाले, "तुम्ही तयार झालात की नाही, ते धुडकूनाना सांगतील."

एक प्रमुख सर्जन हा निर्णय थिएटरमधल्या मदतनिसावर सोपवतो, हे मला चमत्कारिक वाटलं. थोड्याच दिवसांत कळलं की आमचं सगळं इस्पितळच तसं चालायचं.

नाना कागदोपत्री थिएटर अटेंडंट होते. शिक्षण चौथी. पण तीस वर्षं सर्जनच्या समोर उभं राहून त्यांनी हातात अवजारं दिली होती. सरांनी हात पुढे करायचा अवकाश, हवं ते अवजार तळहातावर बसलेलं असायचं. सरांनी चुकीचं नाव घेतलं तरी नाना बरोबरच अवजार द्यायचे, आणि सर ते मुकाट्यानं घ्यायचे.

नानांच्या आईची आधीची दोन मुलं गेली होती, म्हणून याचं नाव धुडकू, म्हणजे चिंधी, असं ठेवलं की यमालाही उचलावंसं वाटू नये. "अजून तरी त्याला वाटलं नाही," नाना सांगत. शुद्ध बोलायचं ठरवलं तर ते शुद्ध बोलत. मोठ्या सरांसमोर आणि नातेवाइकांना वाईट बातमी देताना तसंच बोलत. राग आला किंवा माया आली की खानदेशीवर जात. त्यातलं कोणतं आलंय, ते मात्र चेहरा बघून ओळखावं लागे.

जग त्यांच्या मते दोन भागांत होतं, उकळलेलं आणि न उकळलेलं. माणसांनाही तोच नियम. नवीन डॉक्टर आला की "कच्चा शे." थोडा शिकला की "कोमट झाला." तीस वर्षांत फक्त मोठ्या सरांनाच त्यांनी "उकळलेला माणूस" म्हटलं होतं, तेही सर गावाला गेले असताना.

आमच्या इस्पितळाचे एक विश्वस्त शेठजी होते, कापसाचे व्यापारी, मोठे सज्जन. थिएटरला मोठा दिवा त्यांनी दिला होता. तो लागला तेव्हा ते हार-नारळ घेऊन, पगडी घालून बघायला आले. नानांनी दारातच हात आडवा धरला.

"शेठजी, जोडे बाहेर. पगडी बाहेर. हार बाहेर."

"अरे नाना, दिवा मीच दिलाय ना!"

"दिवासुद्धा पुसूनच आत घेतला, शेठजी."

शेठजी थोडा वेळ गोरेमोरे उभे राहिले. मग त्यांनी पगडी काढून मुनिमाच्या हातात दिली. नानांनी त्यांना टोपी, झगा आणि तोंडाची पट्टी बांधून आत नेलं. पाच मिनिटं शेठजी दिव्याखाली हात जोडून उभे होते. पुढे कितीतरी दिवस ते बाजारात सांगत होते, "आपल्याला नानांनी आत घेतलं!"

आणि ते हात धुणं! ऑपरेशनला उभं राहण्याआधी कोपरापर्यंत दहा मिनिटं हात घासायचे, मग कोपरं वाकवून पंजे छातीपुढे वर धरायचे आणि कशालाही शिवायचं नाही, हा सगळ्याच थिएटरचा नियम. पण नानांनी तो आयुष्यालाच लावला होता. देवपुरात आमच्या कंपाउंडरच्या मुलीचं लग्न होतं. नानांनी हौदावर कोपरापर्यंत हात धुतले, दोन्ही पंजे वर धरले आणि कोपरांनी गर्दी बाजूला सारत पंगतीत येऊन बसले. पानावर वाढून होईपर्यंत हात खाली आणायचे नाहीत, असा त्यांचा शिरस्ता. वाढपी नवीन होता. जिलबी घेऊन आला, तर नानांचे दोन्ही पंजे समोर. "नको? बरं," म्हणून तो पुढे गेला. मठ्ठा आला, तोही पुढे गेला. वरपक्षाकडच्या एका म्हातारीला वाटलं, कोणी महाराज आशीर्वाद देत बसलेत. ती येऊन पाया पडली. नानांनी तिलाही शिवून घेतलं नाही, पाय मागे ओढले. म्हातारीची श्रद्धा आणखी वाढली. शेवटी नानांच्या बायकोनं बायकांच्या पंगतीतून ओरडून वाढप्याला सांगितलं, "ओ भाऊ, तठे वाढा! तो माणूस उपाशी शे, साधू नही!"

आता केळ्यांचं सांगतो.

नानांची मुलगी सावद्याकडे दिली होती. जावयाची केळीची बाग. दर आठवड्याला एसटीच्या टपावरून बसराई केळ्यांचा एक घड नानांच्या नावानं यायचा. तो घरी जात नसे, थिएटरमागच्या खोलीत टांगला जाई. नव्या डॉक्टरनं रोज दुपारी तिथे जायचं आणि पाच केळी घ्यायची. सालीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सुरीनं चीर द्यायची, पण आतल्या गराला सुरी लागू द्यायची नाही. मग ती चीर सुईदोऱ्यानं शिवायची. सुरुवातीला अर्धकच्ची केळी, पुढे पिकलेली, आणि शेवटी इतकी पिकलेली की नुसत्या नजरेनं साल फाटावी.

इथवर ठीक होतं. पण ती शिवलेली केळी नाना संध्याकाळी ट्रेमध्ये मांडून पुरुषांच्या सर्जरी वॉर्डात वाटत. वॉर्डातल्या लोकांना सगळं ठाऊक असे. ते टाके उसवून, साल काढून गर चहूबाजूंनी बघत. गरावर सुरीची रेघ दिसली की ती शेजारच्याला दाखवत. अशा रीतीनं नवा डॉक्टर किती पाण्यात आहे, हे मोठ्या सरांच्या आधी वॉर्डाला कळायचं. ज्याच्या केळ्यावर रेघ, त्याच्या हाताखाली जायला कोणी तयार होत नसे. तीस वर्षं हे चाललेलं, जावई नव्हता तेव्हा नाना बाजारातून केळी आणत. सरांनीही आपल्या तरुणपणी इथेच केळी कापली होती, असं म्हणत.

माझी पहिली पाच केळी वॉर्डात गेली त्या संध्याकाळी मी फेरीला गेलो. कोणी माझ्याकडे पाहत नव्हतं. सगळे केळी पाहत होते.

"याच्यात रेघ नाही, नाला आहे," पूर्वेकडच्या एका केळीवाल्या शेतकऱ्यानं, आबांनी, निकाल दिला. त्यांचा पाय मोडला होता, तो नुसता वजन लावून टांगला होता, म्हणजे त्यांना माझ्या सुरीचं काही भय नव्हतं. तरी ते सगळ्यात कडक. "मी आयुष्यभर केळी पिकवली. पण केळ्याचे असे हाल मले पाहवत नाहीत."

सात नंबरच्या खाटेवर आमच्याच अमळनेरचे काशीनाथ आप्पा शिंपी होते. हर्नियाचं ऑपरेशन करून घ्यायला आलेले, ताकद यावी म्हणून सरांनी ठेवून घेतलेले. माझ्या वडिलांचे सदरे तेच शिवायचे. त्यांनी नाकावर चष्मा चढवून माझे टाके न्याहाळले. "डॉक्टर," ते हळूच म्हणाले, "हे शिवलेलं नाही. हे बांधून ठेवलंय." मग मला बरं वाटावं म्हणून त्यांनी केळं खाल्लं.

भाद्रपद असा सरत आला. माझी केळी काही सुधारेनात. वॉर्ड आता चेष्टाही करेना, याचं मला जास्त वाईट वाटे. लोक निमूटपणे केळी खात, आणि आबा कधीकधी खिडकीबाहेर बघत खात. आप्पा बरे होऊन अमळनेरला जातील आणि सदऱ्याचं माप घेता घेता वडिलांना सगळं सांगतील, हे माझ्या डोळ्यांपुढे रोज यायचं.

दसऱ्याला पंधरा दिवस उरले असताना एका सकाळी थिएटरमध्ये टेबलाच्या कडेवरून एक वाटी घसरली. खाली पडायच्या आत मी ती झेलली. एवढ्याशा गोष्टीचं कोणाला काही वाटलं नाही. पण नाना माझ्याकडे बघत राहिले.

दुपारी मी केळ्यांच्या खोलीत गेलो, तर नानांनी काही न सांगता एक केळं माझ्या अंगावर फेकलं. मी झेललं. दुसरं फेकलं. तेही झेललं. तिसरं मी पाठमोरा वळलो असताना "डाक्टर!" अशी हाक मारून फेकलं.

"कोणत्या हातानं झेललं?"

मी हाताकडे पाहिलं. डावा होता. तिन्ही वेळा.

"तू डावरा शे?" आता नाना खानदेशीवर आले होते. "मंग काब्रं उजव्यानं कापस?"

उजव्यानं का, हे सांगायचं तर लहानपणापासून सुरुवात करायला हवी होती. लहानपणी मी डाव्या हातानंच पाटीवर लिहायचो. मास्तर पट्टीनं त्या हाताच्या पेरांवर मारत. आई जेवताना तो हात मांडीखाली घालून बसायला लावी. मला वाटलं, सुटलं ते. पुण्याच्या थिएटरमध्ये पहिल्याच दिवशी सुरी आपोआप डाव्या हातात गेली, तर वरिष्ठ ओरडले, 'हे गावठी चाळे इथे नकोत.' तेव्हापासून मी कधी तो हात पुढे केला नाही. डावरा असणं ही माझ्या मनात इतकी लाजिरवाणी गोष्ट होती, की थरथरणाऱ्या हाताशी तिचा संबंध असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. हे सगळं, आणि पुणं का सुटलं तेही, मी नानांना अडखळत सांगितलं. कोणाला सांगण्याची ती पहिलीच वेळ.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी सुरी माझ्या डाव्या हातात ठेवली. "पुण्याच्या लोकांना केळी मिळत नसतील," ते म्हणाले.

त्या दिवशी पाच केळ्यांपैकी चारांवर रेघ नव्हती. हात पुरता बसेपर्यंत केळी वॉर्डात न्यायची नाहीत, असं नानांनी ठरवलं.

पण प्रश्न एवढ्यावर सुटत नव्हता. कात्र्या आणि रक्त थांबवायचे अडकचिमटे उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेले असतात. डाव्या हातानं ते सोडवायला अंगठ्याची वेगळीच खुबी लागते. शिवाय मी डावा म्हटल्यावर टेबलाची बाजू उलट, मदतनिसाची जागा उलट, ट्रेमधली मांडणी उलट. तीस वर्षांची सवय नानांनी दहा दिवसांत उलटी करायला घेतली. अवजार माझ्या हातात द्यायचं ते सवयीनं ते हवेत धरत, जिथे माझा हात नसायचा. स्वतःवरच चिडत. घरी स्वयंपाकघरात त्यांनी पळी, झारा, उलथनं, सांडशी ओळीनं मांडून सराव सुरू केला. नानी इस्पितळात येऊन मला म्हणाल्या, "डाक्टर, तुमी लवकर शिका. कालदिन भाजी करतांना माले झाराच सापडना."

दसऱ्याच्या आधी चार दिवस मी अगदी पिकलेली पाच केळी केली. एकावरही रेघ नव्हती. नाना ट्रे घेऊन वॉर्डात गेले, आणि त्यांच्या चालण्यातही फरक होता. मी मुद्दामच मागे राहिलो.

वॉर्डात काय झालं ते सिस्टरनं मला धावत येऊन सांगितलं. लोक खूश झाले होते. आबांनीसुद्धा केळं दोनदा फिरवून बघितलं. पण आप्पांनी चष्मा लावून टाके पाहिले आणि मान हलवली.

"शिलाई पहिल्या प्रतीची आहे. पण टाक्याचा कल बघा. हा डाव्या हाताचा टाका आहे. आणि आपले डॉक्टर उजव्या हातानं लिहितात, उजव्यानं सुई धरतात. ही केळी डॉक्टरांनी केलेली नाहीत. कोणीतरी करून दिलीत."

मग आबा म्हणाले, "दसरा जवळ आला ना. केळी कोणाची? दोन्ही हात कोणाचे चालतात? करून देणारा कोण असणार?" आणि सगळा वॉर्ड नानांकडे बघू लागला.

नाना ट्रे तिथेच ठेवून निघून गेले. वॉर्डात गेलेला ट्रे उकळल्याशिवाय नानांनी मागे टाकला, असं आजवर झालं नव्हतं.

मी थिएटरमध्ये गेलो. नाना स्टुलावर बसले होते. टोपी मांडीवर होती. त्यांचं टक्कल मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"नाना, तुम्ही त्यांना खरं का नाही सांगितलं?"

"तुनी गोष्ट तू सांगशी," ते म्हणाले. "मी कशाला सांगू?" मग शुद्ध भाषेत, "उद्यापासून केळी बंद."

वाईट बातमी देताना नाना शुद्ध बोलत, हे मी वर सांगितलंच आहे.

मी मागच्या खोलीत गेलो, सगळ्यात पिकलेलं केळं घेतलं, सुरी आणि सुईदोरा घेतला आणि वॉर्डात गेलो. पुस्तकातल्यासारखं काहीतरी बोलायचं मनात जुळवलं होतं, पण तोंड उघडलं तर घरचंच बाहेर आलं.

"मी डावरा शे," मी म्हणालो. "लहानपणापासून. लाज वाटे म्हणून लपाडेल व्हतं. नानास्नी काही करेल नही. दखा."

आप्पांच्या खाटेच्या टेबलावर मी केळं ठेवलं. सुरी डाव्या हातात घेतली. सुरीचं टोक सालीला लावलं. चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. मग टाके घातले, अकरा टाके. वॉर्डात इतकी शांतता होती की आबांच्या पायाला लावलेल्या वजनाची कप्पी करकरताना ऐकू येत होती.

आप्पांनी केळं हातात घेतलं. टाक्यांवरून बोट फिरवलं. एकेक टाका उसवला, साल काढली, गर चारी बाजूंनी बघितला. आबांकडे पाठवला. आबांनी बघून परत पाठवला. मग आप्पांनी तो खाल्ला.

"माझा उस्ताद डावरा होता," ते म्हणाले. "त्याचा टाका मी आंधळा झालो तरी ओळखीन. उसवायचा नाही कधी." आणि मग, "नाना कुठे आहेत?"

नाना दारात उभे होते. टोपी डोक्यावर होती.

"ते सगळं खरं," आबा म्हणाले. त्यांचं समाधान झालं नव्हतं. "पण डावा हात? डावा हात कोणत्या कामाचा असतो ते काय मी सांगावं? तो माणसाच्या पोटात घालायचा? मले नाही पटत."

पाचसहा माना हलल्या. आप्पांचा चेहराही जरा विचारात पडलेला दिसला. तेवढ्यात नाना पुढे आले.

"तो हात मी उकळला शे," ते म्हणाले.

"हात उकळला?"

"वीस मिनिटं. पेटीत."

"माणसाचा हात उकळतात का कधी?"

नानांनी माझ्या खिशातलं ते वाकलेलं पेन काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "हे यांचं पेन. त्याच पेटीत, त्याच पाण्यात होतं. पेन वाकलं. हात दखा, तसाच शे. असा हात मी तीस वर्षांत पाहिला नही."

पेन खाटाखाटांवरून फिरलं. प्रत्येकानं ते नीट पाहिलं. आबांनी ते माझ्या बोटाशेजारी धरून बघितलं. शेवटी ते म्हणाले, "नाना सांगतात तर असेल."

नानांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकच खोटं. त्यावर कोणी पुढे काही विचारलं नाही, कारण नाना खोटं बोलत नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं.

नानांनी सरांना मी तयार असल्याचं सांगितलं, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दहा वाजता, मी आप्पांचं ऑपरेशन केलं. कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर केलं होतं, आप्पा जागे होते. मध्ये पडदा होता तरी त्यांचं लक्ष सगळं तिकडेच. मोठे सर हात धुऊन माझ्या बाजूला उभे होते. नाना समोर, आपल्या उलट्या ट्रेजवळ. मी डावा हात पुढे केला आणि सुरी तळहातावर येऊन बसली.

अर्धं काम झालं. शिवायला घेतलं तेव्हा पडद्यापलीकडून आवाज आला, "डॉक्टर, टाका जरा जवळ जवळ घ्या. आणि दोरा ओढू नका, चुण्या पडतात."

"आप्पा, गप!" नाना गरजले. "घरी तू शिंपी. आठे तू कापड शे!"

आप्पा हसले, त्यामुळे पोट हललं, त्यामुळे मला थांबावं लागलं. मी सरांकडे पाहिलं. सरांनी हातमोजे काढले. "माझा चहा निवत असेल," म्हणाले, आणि निघून गेले. माझं काम अजून संपलं नव्हतं. टेबलापाशी आता मी होतो आणि नाना. मला घाबरायला हवं होतं, पण समोर पुढची सुई आधीच तयार होती.

शेवटचा टाका कापला तेव्हा नानांनी तो वाकून पाहिला. "एक उकळी आली," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आपट्याचं पान द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. नानींनी दार उघडलं आणि आधी विचारलं, "आते झारा माना शे ना?"

तिथे मी पुढे अडीच वर्षं होतो. मग जळगावला नोकरी मिळाली. निघायचा दिवस ठरवला, तो नेमका सरांच्या मोठ्या ऑपरेशनचा निघाला. सकाळी नानांना भेटायला थिएटरच्या दाराशी गेलो तर ते हात घासत होते. पाण्याच्या आवाजात मी काहीबाही म्हणालो. त्यांनी मान हलवली. घासणं मध्येच सोडायचं नसतं, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. मी माझी ट्रंक उचलली आणि फाटकाबाहेर येऊन उभा राहिलो.

टांगा आला. सामान चढवून मी बसलो आणि सहज मागे पाहिलं.

नाना फाटकात उभे होते. टोपी, तोंडाला पट्टी. कोपरं वाकलेली, दोन्ही पंजे छातीपुढे वर. कोपरांपासून पाणी ठिबकत होतं. बाहेर ऊन होतं, रस्त्यावरून बैलगाड्या जात होत्या, धूळ उडत होती. थिएटरच्या दारापासून फाटकापर्यंत ते धुतलेले हात घेऊन चालत आले होते. आत जाऊन त्यांना पुन्हा पहिल्यापासून दहा मिनिटं घासावं लागणार होतं, आणि मोठे सर टेबलापाशी थांबलेले असणार होते.

मी हात हलवला, डावा. नानांचे पंजे जागचे हलले नाहीत. रस्त्यानं जाणाऱ्या एका बाईनं त्यांना पाहून नमस्कार केला. टांगा वळणाला लागला तेव्हा मात्र मला दिसलं, कशालाही न शिवता त्यांच्या डाव्या हाताची बोटं दोनदा मिटली आणि उघडली.